जुन्या आउटबोर्डला पाण्याची धार दिसत नाही, म्हणजे ती तापतेय का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एका गराज सेलमध्ये तुम्हाला 1956ची 10 हॉर्सपॉवरची जॉन्सन सी-हॉर्स मिळाली, म्हणजे बोटीच्या मागे लावायची आउटबोर्ड मोटर. पिंपात पाणी भरून दोरी ओढली तर लगेच सुरूही झाली. पण शेजाऱ्याच्या नव्या मोटरीला मागून पाण्याची बारीक धार उडते तशी हिला उडत नाही. शेजारी म्हणतो, पंप गेलाय. दुसरा कोणी म्हणतो, हेडला, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाला, भोक पाडून धार काढून घे. रेडिएटर नाही, कूलंट नाही, धारही नाही, मग ही मोटर थंड होते कशी? आणि चालवायची की नाही?

आधी उत्तर देतो, मग कारणं सांगतो. धार नसणं हा बिघाड नाही. त्या काळात या मोटरींना धारेचं भोक दिलेलंच नव्हतं, ती सोय नंतरच्या मोटरींत आली. पण म्हणून मोटर ठीक आहे असंही म्हणता येत नाही. पंपातलं रबर कधी बदललंय हे माहीत नसेल तर पंप उघडून बघेपर्यंत दोरीला हात लावू नका.

आता पाणी कुठून कुठे जातं ते बघू. गाडीचं इंजिन तेच तेच पाणी फिरवतं आणि रेडिएटरमध्ये ते हवेनं थंड करून घेतं. आउटबोर्डला एवढ्या उठाठेवीची गरज नाही, कारण खाली आख्खं तळं आहे. पाणी घ्यायचं, इंजिनातून एकदा फिरवायचं आणि सोडून द्यायचं. हिशेब करून बघा. 10 हॉर्सपॉवर म्हणजे साडेसात किलोवॅट. सिलिंडरच्या भिंतींतून साधारण तेवढीच उष्णता पाण्याला उचलावी लागते असं ढोबळमानानं धरलं आणि पाणी 25 अंशांनी तापू दिलं, तर मिनिटाला चार-साडेचार लिटर पाणी पुरतं. म्हणजे पूर्ण वेगाला चार-पाच मिनिटांत एक बादली. हा प्रवाह काही फार मोठा नाही. म्हणूनच वाटेत कुठे थोडा जरी अडला तरी लगेच जाणवतो.

तुमच्या मोटरीत पाणी तळाच्या गिअरकेसवरच्या, म्हणजे पंखा (प्रोपेलर) फिरवणाऱ्या गिअरांच्या डब्यावरच्या, जाळीतून आत शिरतं. गिअरकेसच्या वरच्या अंगाला, इंजिनापासून खाली येणाऱ्या उभ्या ड्राइव्हशाफ्टवरच, पंप बसवलेला असतो. तिथून तांब्याची नळी पायातून, म्हणजे मधल्या पोकळ खांबातून, वर पॉवरहेडपर्यंत, म्हणजे इंजिनापर्यंत जाते. पाणी सिलिंडरभोवतीच्या जॅकेटमधून, म्हणजे पाण्यासाठीच्या पोकळीतून, हेडमध्ये जातं आणि तिथून एक्झॉस्टच्या झाकणामागून खाली उतरून पायात, धगधगत्या धुरावर पडतं. हा शेवटचा टप्पा लोक विसरतात. पाणी फक्त सिलिंडर थंड करत नाही, एक्झॉस्टही थंड करतं आणि आवाज मारतं. धूर आणि पाणी दोन्ही पंख्याजवळ, पाण्याखाली बाहेर पडतात, त्यामुळे वरून काहीच दिसत नाही. दिसलंच तर पायाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वर, एक्झॉस्टची छोटी भोकं असतात तिथे. मोटर मंद चालत असताना तिथून धुराबरोबर पाण्याचे शिंतोडे उडतात. धार शोधायची नाही, ते शिंतोडे शोधायचे. पिंपात मोटर चालू असताना हाताचा पंजा तिथून वीतभर लांब धरा, ओला झाला पाहिजे.

पंपाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. आत रबराचा इम्पेलर असतो, मधे गोल आणि भोवती पाती. तो ज्या वाटीत फिरतो तिचा मध्य शाफ्टच्या मध्याशी जुळत नाही, मुद्दामच सरकवलेला असतो. त्यामुळे फिरताना पाती एका बाजूला दुमडतात आणि दुसऱ्या बाजूला उलगडतात. दोन पात्यांमधली जागा वाढते तिथे पाणी ओढलं जातं, कमी होते तिथे ढकललं जातं. मंद वेगाला पात्यांची टोकं वाटीला घासत जातात, म्हणून पंप स्वतःच पाणी वर खेचू शकतो. वेग वाढला की मागच्या पाण्याच्या दाबानं पाती वाकतात आणि भिंतीपासून सुटतात. मग तोच इम्पेलर साध्या सेंट्रिफ्युगल पंपासारखा चालतो. पूर्ण वेगाला दाब बेसुमार वाढत नाही आणि रबरही घासून संपत नाही. ही रचना इतकी साधी आणि पक्की आहे की आजच्या मोटरींतही थोड्याफार फरकानं तीच आहे.

तिचं एकच दुखणं आहे, रबर. मोटर वर्षानुवर्षं पडून राहिली की दुमडलेली पाती तशीच कडक होतात. बाहेर काढलेला इम्पेलर एका बाजूला वाकलेलाच राहतो, सरळ होत नाही. असा इम्पेलर पाणी चढवतो, पण अपुरं. मंद वेगाला सगळं बरं दिसतं आणि तळ्याच्या मध्यावर गेल्यावर मोटर हळूहळू दम टाकायला लागते. दुसरा प्रकार म्हणजे कोरडी चालवलेली मोटर. पंपातल्या रबराला पाणी हेच वंगण. त्याच्याशिवाय पाती काही सेकंदांत तापतात आणि टोकं जळतात. "सुरू होते का एवढंच बघायला" जमिनीवर चालवलेल्या मोटरी मी खूप पाहिल्यात, आणि विकणाऱ्यानं तुमचीही तशी चालवून दाखवली असेल तर इम्पेलर गेलाच असं धरून चाला.

पंप उघडायचा म्हणजे पायाच्या खालचे बोल्ट काढून लोअर युनिट, म्हणजे गिअरकेससकट खालचा भाग, उतरवायचं. या मोटरींत गिअरचा दांडा आधी सोडवावा लागतो. त्याचा जोड पायाच्या बाजूच्या एका लहान झाकणामागे असतो. तो न सोडता खाली ओढत बसलात तर दांडा वाकेल. सत्तर वर्षांचे स्क्रू आहेत, जोर लावण्याआधी आदल्या रात्री भेदक तेल सोडून ठेवा, आणि तरी हलत नसेल तर हीट गननं भोवतालचं ॲल्युमिनियम गरम करा. डोकं तुटलेला स्क्रू ड्रिल करून काढण्यात जो दिवस जातो त्यापेक्षा ही एक रात्र स्वस्त.

इम्पेलर बाहेर आला की पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा कुठे गेला हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो नळीतून वर जाऊन पॉवरहेडच्या तोंडाशी अडकतो, आणि नवा इम्पेलर घालूनही मोटर तापत राहते. मग इम्पेलरखालच्या स्टेनलेस पत्र्यावरून नख फिरवा. नख अडेल इतका खोल गोल चर उमटला असेल तर पत्राही बदला. वाळू गेलेल्या मोटरीत रबर बरं आणि पत्रा खाल्लेला, असं बऱ्याचदा दिसतं. इम्पेलर शाफ्टवर एका छोट्या चावीने किंवा पिनने धरलेला असतो. ती झिजली किंवा बसवताना पडून गेली तर शाफ्ट फिरतो आणि इम्पेलर जागच्या जागी. नवा इम्पेलर बसवताना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरिन लावा, पेट्रोल किंवा साधं ग्रीस नको. शाफ्ट मोटर फिरते त्याच दिशेनं, म्हणजे वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, फिरवत वाटी खाली दाबा, म्हणजे पाती योग्य बाजूला दुमडतील.

परत जोडताना सगळ्यात जास्त गफलत होते ती तांब्याच्या नळीत. नळीचं खालचं टोक पंपाच्या मधे भोक असलेल्या रबरी बुचात आणि वरचं पॉवरहेडखालच्या बुचात घट्ट जायला हवं. लोअर युनिट वर चढवताना एका वेळी ड्राइव्हशाफ्टचे दात, गिअरचा दांडा आणि ही नळी असं तिन्ही जुळवायचं असतं. दोन जुळतात आणि नळी बाजूला घसरते. बोल्ट आवळले जातात, मोटर सुरू होते, पंप भरपूर पाणी मारतो आणि ते सगळं पायातच सांडतं. शिंतोडेसुद्धा उडतात! म्हणून ही जुळवाजुळव टॉर्च लावून, शक्यतो दोघांनी करा. बुचं कडक झाली असतील तर तीही बदला, किंमत नगण्य आहे. ड्राइव्हशाफ्टच्या दातांना ग्रीस लावा, पण वरच्या सपाट टोकावर थापू नका, नाहीतर ते आत दाबलं जाऊन शाफ्ट पूर्ण बसू देत नाही.

आता चाचणी. हल्लीच्या मोटरींना बागेचा पाईप जोडायला रबरी कप मिळतात. ते तुमच्या मोटरीच्या जाळीवर नीट बसायचे नाहीत, तेव्हा पिंपच बरा. पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या बरंच वर, म्हणजे पंप बुडेल इतकं हवं. पिंपात मोटर गरागरा चालवू नका. पंखा पाणी घुसळतो, त्यात एक्झॉस्टचा धूर मिसळतो आणि फेसाळ पाणी पंपाला पकडता येत नाही. चांगला पंपही मग नापास दिसतो. शिवाय पंधरा-वीस मिनिटांत पिंपातलं पाणी कोमट होतं आणि वर तेलाचा तवंग येतो, ते बदलत राहा. खरी परीक्षा तळ्यातच, बोटीवर, वजन ओढताना.

शिंतोड्यांवरही पूर्ण भरवसा ठेवू नका आणि नव्या मोटरीच्या धारेवर तर त्याहून नको. धार एवढंच सांगते की पंप चालतोय. जॅकेटमध्ये क्षार साठून वाट अर्धी बुजली असेल, हेडचं गॅस्केट फुटून ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत असेल, तरी धार उडत राहते. मोजायचं ते तापमान. जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये यासाठी वितळणाऱ्या खडूंच्या कांड्या सांगितलेल्या असत, एक 125 अंश फॅरनहाइटची आणि एक 163ची. दोन्हींनी हेडवर रेघ ओढायची. मोटर तापल्यावर 125ची वितळली पाहिजे आणि 163ची वितळता कामा नये. म्हणजे साधारण 52 ते 73 अंश सेल्सिअसच्या मधे. आज इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्त झालेत, एक घेऊन टाका. फक्त तो चकचकीत ॲल्युमिनियमवर धरलात तर आकडा कमी दाखवतो. हेडच्या रंगवलेल्या भागावर धरा किंवा काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर. घाईच्या वेळी हेडवर पाण्याचा थेंब टाका. तापलेल्या तव्यावर नाचतो तसा नाचला तर मोटर ताबडतोब मंद करा, बंद करा आणि आपोआप थंड होऊ द्या. वरून थंड पाणी ओतायचा मोह टाळा, तापलेल्या ओतीव भागाला तडा जातो.

पायावरही हात ठेवून बघत जा. चालू मोटरीचा पाय गारच लागला पाहिजे, कारण आतून पाणी वाहतंय. पायाच्या वरच्या भागातला रंग करपलेला किंवा फोड आलेला दिसला तर ही मोटर पूर्वी कधीतरी कोरडी तापली आहे. विकत घेतानाच बघायची गोष्ट आहे ही.

आता थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे पाणी ठरावीक तापेपर्यंत वाट अडवून धरणाऱ्या झडपेबद्दल. त्या दशकातल्या काही जॉन्सन आणि एव्हिनरूड मोटरींना तो आहे, काहींना नाही. हेडवर छोटं झाकण असेल तर उघडून बघा. असलाच तर तो साधारण 60 अंशांना उघडणारा असतो, गाडीसारखा 80-90ला नाही. यात गोम आहे. बाहेरचं पाणी, मग ते समुद्राचं असो की चुनखडीच्या तळ्याचं, जास्त तापवलं की त्यातले क्षार भिंतीवर बसायला लागतात. गाडीच्या रेडिएटरमध्ये तेच पाणी फिरतं, त्यामुळे साठून साठून साठणार किती? इथे दर मिनिटाला नवं पाणी, नवे क्षार. म्हणून ही इंजिनं मुद्दामच थंड ठेवली जातात. पण फार थंडही चालत नाहीत. तुमच्याकडच्या मे महिन्यातल्या तळ्यात थर्मोस्टॅट नसलेली मोटर मंद वेगाला नीट तापतच नाही, पेट्रोल अर्धवट जळतं आणि प्लग काळे होतात.

कोकणात "थर्मोस्टॅट काढून फेकला, आता मोटर तापतच नाही" हा सल्ला अजून चालतो. तिथे ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटरी, केरोसीनवर चालवतात. पेट्रोलवर सुरू करायची, गरम झाली की केरोसीनवर घ्यायची. थंड इंजिनात केरोसीनची नीट वाफ होत नाही, काजळी साठते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. समुद्राचं पाणी 28 अंशांचं असलं तरी थर्मोस्टॅट काढून फायदा होत नाही, उलट रिंगांचा खर्च वाढतो. तो अडकला असेल तर बदला. गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतो का हे घरी बघता येतं.

तुम्ही जाता जाता विचारलंत की त्याआधीच्या मोटरींना रबर नव्हतं तेव्हा काय करत. ही तर तुमच्याच राज्याची गोष्ट. ओले एव्हिनरूडनं मिलवॉकीत 1909 साली विकायला काढलेली मोटर दीड हॉर्सपॉवरची, 62 पौंडांची. सुरुवातीच्या मोटरींत दट्ट्याचा पंप असे. फिरत्या शाफ्टवरची विकेंद्री, म्हणजे मध्यापासून सरकवून बसवलेली, चकती दट्ट्याला मागेपुढे हलवी आणि दोन झडपा पाण्याला एकाच दिशेनं जाऊ देत. कोरडा चालला तरी लगेच मरत नसे. मात्र वाळूचा एक कण झडपेच्या चेंडूखाली अडकला की पाणी बंद. अशी मोटर हातात आली तर आधी झडपा काढून धुवा, बाकी सगळं नंतर.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती 1930-40च्या दशकांतल्या काही जॉन्सन मोटरींची पद्धत, जिच्यात पंपच नाही. पंखा पाणी मागे ढकलतो, तिथे दाब असतो. पंख्याच्या पुढे शोषण असतं. पाणी घेण्याचं तोंड दाबाच्या जागी, सोडण्याचं तोंड शोषणाच्या जागी. पाणी आपोआप इंजिनातून फिरतं. झिजायला भागच नाही. पण एक अट आहे, सगळी वाट हवाबंद हवी. एखाद्या नळीच्या जोडातून हवा शिरली की शोषण संपलं आणि पाणी अर्ध्यावर थांबलं. तुमची मोटर या जातीची नाही, पण पुढची खरेदी करताना कुणी "पंप काढून टाकलाय" म्हणालं तर आधी मॉडेल बघा, कदाचित तिला पंप कधी नव्हताच.

इंग्लंडातल्या ब्रिटिश सीगलनं तिसरी वाट धरली. भिंतीला न टेकणारा साधा सेंट्रिफ्युगल इम्पेलर. झीज जवळजवळ नाही, गाळही बराच पचवतो. त्या मोटरी भरतीओहोटीच्या चिखलात वापरायच्या होत्या, तेव्हा निवड बरोबरच. मात्र पाणी स्वतःहून वर खेचायची ताकद नाही, पंप बुडालेलाच हवा, आणि दाब कमी असल्यानं सिलिंडरच्या तळाशी मीठ-गाळ साठून घट्ट होतो. तारेनं टोकरून काढावा लागतो.

क्षार काढायला काही जण हायड्रोक्लोरिक ॲसिड सुचवतात. ॲल्युमिनियमच्या मोटरीत ते घालू नका, क्षाराबरोबर धातूही खाईल. साधं व्हिनेगर गरम करून जॅकेटमध्ये भरून ठेवा, काही तासांनी काढा, पुन्हा भरा. वेळ लागतो. तुमची मोटर आयुष्यभर गोड्या पाण्यात असेल तर याची वेळ बहुधा येणारही नाही. फ्लोरिडाहून, म्हणजे समुद्राच्या पाण्यातून, आलेली असेल तर मात्र हेड उघडून जॅकेट आतून बघाच.

आता भोक पाडायचं का? माझं मत, नको. पाडायचंच असेल तर पाणी हेडमधून फिरून झाल्यावरच्या जागी, नाहीतर ते फक्त पंपाची हजेरी सांगेल. धातूचा कीस जॅकेटमध्ये पडतो, आणि मूळ स्थितीतल्या मोटरीची संग्राहकांकडची किंमतही उतरते. त्या पैशात इम्पेलर आणि थर्मामीटर दोन्ही येतात.

तेलाचं प्रमाण विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण तापण्याशी त्याचाही संबंध आहे. या मोटरीला पेट्रोल-तेल 24:1 हवं, म्हणजे 24 भाग पेट्रोलला एक भाग तेल. नव्या मोटरीचं 50:1 मिश्रण हिच्यात घातलंत तर पाणी कितीही नीट फिरलं तरी बेअरिंग कोरडी पडतील.

हिवाळ्यासाठी दोन गोष्टी. तळ्यातून काढल्यावर मोटर उभीच ठेवा, म्हणजे पाणी आपोआप निथळतं. स्विच बंद ठेवून दोरी चार-पाच वेळा हळू ओढा, पंपात उरलेलं बाहेर येईल. निथळण्याआधी आडवी करून गाडीत टाकू नका. पॉवरहेड पायापेक्षा खाली गेलं की पायातलं पाणी एक्झॉस्टच्या वाटेनं सिलिंडरमध्ये उतरतं आणि वसंतात पिस्टन गंजून चिकटलेला मिळतो. आणि गिअरकेसचं तेल थंडी पडण्याआधी बदला. बाहेर आलेलं तेल दुधाळ असेल तर सील गळतंय. ते पाणी आत तसंच राहिलं तर जानेवारीत गोठून गिअरकेस फुटेल, आणि या वयाच्या मोटरीची गिअरकेस शोधणं इम्पेलरइतकं सोपं नाही.